शून्यावरचा काटा

(भरदुपारी, इस्पितळाचा जिना. वर जळीत विभाग. पायरीवर भाऊ-बहीण.)

बहीण : काय लिहिलंय त्या कागदावर?

भाऊ : काही नाही गं. साक्षीदार म्हणून माझी सही हवीय कंपनीला.

बहीण : दादा, मी दूधखुळी आहे का? वाच.

भाऊ : "दाब उतरल्याची खात्री न करता कामगाराने पंपाचं झाकण उघडलं."

बहीण : म्हणजे चूक ह्यांची! तू होतास ना तिथे? काय झालं ते सांग.

भाऊ : वाफेचं पाणी झालं की तो पंप वाफेच्याच जोरावर ते परत बॉयलरकडे ढकलतो. त्या दिवशी ढकलेना. साहेब डोक्यावर बसलेले. भाऊजींनी वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला, पाण्याचे दोन्ही बंद केले, कुलपं घातली. दाबाचा काटा बघितला. शून्य. मग नट सैल केले.

बहीण : मग उकळतं पाणी आलं कुठून?

भाऊ : वाफ बाहेर जायची नळी गाळाने तुंबली होती. दाब आतच कोंडलेला.

बहीण : आणि काटा शून्यावर? तो कसा?

भाऊ : बिघडलाय तो. वर्ष झालं, शून्यावरून हलत नाही.

बहीण : कुणाकुणाला ठाऊक होतं?

भाऊ : सगळ्यांना. आम्ही बघतच नाही त्याच्याकडे. बाजूला उभं राहून खालचा नळ जरा जरा उघडायचा, फुसफुस थांबेपर्यंत, पंप गार होईपर्यंत थांबायचं. मगच पाना लावायचा. अंगवळणी पडलंय आमच्या.

बहीण : ह्यांना आठच दिवस झाले होते तुमच्या खात्यात. तूच नेलंस. माझ्या नजरेखाली राहतील म्हणालास.

भाऊ : सांगायचं राहून गेलं गं. सांगितलंय असंच वाटत होतं मला.

बहीण : काट्यावर साधी चिठ्ठी तरी?

भाऊ : नाही लावली.

बहीण : सही नाही केलीस तर?

भाऊ : मुकादम मी. काटा बदलून घ्यायचं काम माझं. मग ठपका माझ्यावर, नोकरी जाणार. तुझी वहिनी म्हणते, गप सही करा, पोरांकडे बघा.

बहीण : डोळे गेले ह्यांचे. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं.

भाऊ : अरे देवा! माझ्यामुळे गं, माझ्यामुळे...

बहीण : रडू नकोस. मला नाही बघवत. शुद्ध आली की एकच विचारतात, मी कुठला व्हॉल्व्ह विसरलो? हात पट्ट्यांनी बांधलेले आहेत, तरी मोजतात. एक, दोन, तीन. परत पहिल्यापासून. मला काय कळतं त्यातलं? मी नुसती हं हं करते.

भाऊ : हा कागद मी—

बहीण : कागदाचं तुझं तू बघ. मी हात जोडणार नाही. आधी वर जा.

भाऊ : कुठल्या तोंडाने? काय सांगू त्यांना?

बहीण : एकही विसरला नव्हतात, म्हणावं.