गिटारची एक सूत फळी

खोटं वाटंल, पण मी गिटारच्या फळीला रंधा मारलाय. वसमतचा एक मास्तर गिटार करायला सागवानी फळी घेऊन आला. "काका, तीन एमएम जाडी ठेवा. एवढीच फळी हाय, फाटली तर गिटार गेली."

"म्हंजी आपलं एक सूत," मी म्हणलो. फळीच्या दोन्ही बाजूंना टेबलावर सुतभर जाडीच्या पट्ट्या ठोकल्या. रंधा पट्ट्यांना टेकला की थांबायचं. तरी हा मास्तर दर हाताला "बस, बस!" ओरडून राहिला.

"मास्तर, तोंड बंद ठेवा, न्हाईतर रंधा तुमीच धरा."

झाल्यावर त्यानं फळी कानाशी धरून टिचकी मारली अन् नाचायलाच लागला. "काका, वाजून राहिली!"

जन्मभर दारं केली. दार वाजाया लागलं की गिऱ्हाईक भांडाया येतंय. वाजलं म्हणून नाचणारा हा पहिलाच.