गैरहजर बाई

आमच्या सावंतबाईंचं प्रशिक्षण झालं की राहिलं, ते तुम्हीच मला सांगा, कारण मला अजून कळलेलं नाही.

वाडीच्या शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात आणि बाई एकट्या. चारी वर्ग एकदम कसे शिकवायचे, हे कोणीतरी शिकवावं, एवढीच त्यांची मागणी. शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून मी निवेदन लिहिलं आणि आम्ही दोघं रत्नागिरीला शिक्षणाधिकारी साहेबांकडे गेलो.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "मागणी रास्त आहे. पण मार्गदर्शक कुठून आणू? आमचे सगळे एकेका वर्गाचे. बाई, तुम्ही किती वर्षं चार वर्ग घेताय?"

"अकरा."

"मग तुम्हीच या शिकवायला."

"अहो साहेब, मला जमत नाही म्हणून तर आले."

"अकरा वर्षं न जमता निभावलंत ना? तेच सांगा."

बाईंनी दोन दिवस तीस शिक्षकांना शिकवलं. इकडे पोरं मी सांभाळली. आठवड्याने बाईंना नोटीस आली. प्रशिक्षणार्थींच्या यादीत नाव आहे, हजेरीपटावर सही नाही, तरी गैरहजेरीचा खुलासा करावा.

"काय ओ भाऊ, आता खुलाशात लिहू काय?" बाईंनी विचारलं.

मी साहेबांना फोन लावला.

"त्यात काय एवढं," साहेब म्हणाले. "पुढच्या तुकडीत बसू देत त्यांना."

"बसतील. पण त्या तुकडीला शिकवणार कोण?"

"थांबा, यादीत बघतो."

कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "मार्गदर्शकांच्या यादीत एकच नाव आहे. सावंतबाई."