एकवीस दिवसांचा गंज

...आणि वर मलाच विचारते, 'आनंदा, सणाच्या दिवशी एवढा घाम का फुटलाय रं तुला?' आता काय सांगायचं? एकवीस दिवस, तुम्हाला सांगतो, एकवीस दिवस पोटच्या पोरासारखा वाढवलेला गंज माझ्या सख्ख्या आईनं एका दुपारीत घासून काढला. एका दुपारीत. आणि घाम का फुटला म्हणे.

हसा तुम्ही. गंज म्हटलं की लोक हसतातच. पण बोईसरजवळ सालवडला शेड टाकून मी जो धंदा करतो ना, त्यात गंज म्हणजे भांडवल. लोखंड आणि लाकूड घेऊन हातानं टेबल-खुर्च्या बनवायच्या, आणि त्या दिसायला कशा पाहिजेत, तर एखाद्या बंद पडलेल्या कारखान्यात पन्नास वर्षं धूळ खात पडल्यासारख्या. विंटेज इंडस्ट्रियल म्हणतात त्याला. आमची बायको, रूपाली, म्हणते, 'त्याला भंगार म्हणतात.' म्हणू दे. अठरा वर्षं मी कंपनीत फिटर होतो, वेल्डिंग केलं की ग्राइंडर मारून असं सपाट करायचो की जोड कुठंय ते मलाच सापडायचं नाही, आणि आता तोच जोड मुद्दाम दिसेल असा ठेवायचा, वर शोभेचे रिव्हेट ठोकायचे. हात ऐकत नाही हो. नवं करणं सोपं, जुनं करणं अवघड.

बरं, करणार काय? कंपनीनं दोन वर्षांपूर्वी घरी बसवलं, शेड टाकली, आणि रूपालीनं बजावलं, 'अहो, दसऱ्यापर्यंत बघा. नाही जमलं तर वापीला माझ्या भावाकडे जायचं, सेफ्टी डोअर बनवायला.' आता मेहुण्याच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय, हे ज्याला मेहुणा आहे त्याला सांगायला नको. माझी झोप उडाली. आणि त्यात पालघरच्या प्रियदर्शिनी मॅडम भेटल्या. कॉफीचं हॉटेल काढतायत. म्हणाल्या, आधी एक टेबल करून दाखवा, आवडलं तर हॉटेलातली सगळी टेबलं तुमचीच. दसऱ्याला सकाळी अकरा वाजता बघायला येते.

म्हणजे एक टेबल. ते जमलं तर सालवड, नाही जमलं तर वापी.

माझ्याकडे लाकूडकामाला सुका नावाचा सुतार आहे, उमरोळीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. माणूस वयानं माझ्याएवढा, पण सागाच्या फळीवरून नुसता हात फिरवून सांगेल कुठं फाटणार ते. वाणगावला एक जुनं घर पाडत होते, तिथून त्यानं तीन फळ्या आणल्या, रंधा मारला, झकास. खाली मी लोखंडी चॅनेलचे पाय केले. फोटो पाठवला. मॅडमचा मेसेज, 'छान आहे, पण भाऊ, टेबल अजून थकलेलं दिसायला हवं.' थकलेलं! मॅडम, मी उभा राहू का चार पायांवर? म्हटलं नाही अर्थात. म्हटलं, हो मॅडम, थकवतो.

मग गंज आणायला घेतला. आता गंमत बघा, आमच्या बोईसर-तारापूरला समुद्राचा वारा, इथं सायकल दोन पावसाळ्यांत मातीला मिळते, खिडकीचे गज सडतात, सगळं गाव गंजाच्या नावानं बोटं मोडतं. आणि मला हवा तर येईना! सकाळी मीठपाणी मार, दुपारी व्हिनेगर मार, उन्हात फिरव, सावलीत आण. चार दिवस नुसता पिवळा. दहाव्या दिवशी जरा विटकरी. तेव्हा कुठं विसाव्या दिवशी असा रंग आला, असा रंग आला की सुकासुद्धा म्हणाला, 'दादा, आता हा फेकून द्यायच्या लायकीचा झाला हाय.' डोळ्यांत पाणी आलं माझ्या. नवं करणं सोपं, पण जुनं करणं...

राहिला फक्त लॅकरचा हात. तो मारला की गंज जागच्या जागी बसतो, कपड्याला लागत नाही. तो आणायला मी बोईसरला गेलो. कधी गेलो? ऐन एकविसाव्या दिवशी, खंडेनवमीला. कशाला गेलो मी? आणि आईला घरी ठेवून गेलो!

आमची आई, सोजराबाई, मूळची साताऱ्याकडची. खंडेनवमी म्हणजे घरातलं लोखंड लख्ख झालं पाहिजे. विळी, अडकित्ता, कोयता, सगळं घासून पूजेला. वडील होते तोवर त्यांचे पाने-पकडी घासायची, मग माझे. दरवर्षीचं आहे हे. पण माझ्या डोक्यात गंज, दुसरं काही शिरायला जागाच नाही. परत येतो तर शेडच्या दारातूनच काहीतरी चमकलं. म्हटलं, स्टीलची टाकी कुणी आणून ठेवली? टाकी कसली, माझं टेबल! विटेचा चुरा, रॉकेल, नारळाची शेंडी... आणि वरून खोबरेल तेलाचा हात. सरकारी दवाखान्यातल्या नव्या खाटेसारखं झालं होतं. चारी पायांना हळदीकुंकू.

'आई, अगं काय केलंस हे?'

'आरं, नवमीला घरात गंज? लक्ष्मी उंबऱ्यावरनं माघारी जाईल. तुझ्या बापाच्या पान्यावर कधी ठिपका दिसला न्हाई. आणि तू येवढं मोठं टेबल सडवून ठेवलंस? लाज वाटली मला.'

'सुका, अरे तू तरी सांगायचंस!'

'आयनी सांगला घास, मंग मी घासला. तुमी रोज खारं पानी मारता, मला वाटला तुमाला कलत नाय.'

कलत नाय! बरं, म्हटलं ग्राइंडर घेतो, निदान पॉलिश तरी उतरवतो. तर ग्राइंडर कुठं? पूजेत. वेल्डिंगचा होल्डर? पूजेत. फवारायची बाटलीसुद्धा झेंडूखाली. माझ्या कामाच्या बाकावर लाल कापड घालून आईनं सगळी हत्यारं मांडलेली, आणि पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही. मग तांब्यानं मीठपाणी ओतलं. खोबरेलावरून घरंगळून गेलं. रूपालीनं भावाला फोन लावून सणाच्या शुभेच्छा तेवढ्या दिल्या.

दसऱ्याला अकराच्या ठोक्याला मॅडम हजर. टेबल बघितलं. बोट फिरवलं, बोटाला खोबरेल लागलं. मी आपट्याचं पान दिलं, ते घेतलं, आणि परत टेबलाकडे बघितलं. 'भाऊ, हे तर... नवं आहे.' मला डोळ्यांसमोर वापी दिसायला लागली. आई मात्र खूश, 'नवं तर हायच, प्रसाद घ्या.' प्रसाद पूजेजवळ. मॅडम वाकल्या, बाकावरचं कापड जरा सरकलं, आणि त्या तशाच वाकलेल्या.

'भाऊ, हे काय आहे?'

'ते होय, ते काही नाही मॅडम. कामाचा बाक.'

बोईसरला आलो त्या साली भंगारातल्या लोखंडी अँगलचा बनवलेला. वीस वर्षं त्याच्यावर ठोकतोय. ठिणग्यांचे डाग, ड्रिलची भोकं, रेड ऑक्साइड रंगाचे ओघळ, चहाच्या ग्लासांची वर्तुळं. आईनं आधीच पूजेचं कापड घातलं, म्हणून तिच्या तावडीतून सुटला.

'हेच! हेच पाहिजे मला. आणि अशीच अजून पाच. दिवाळीपर्यंत होतील?'

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून रूपाली, 'होतील की मॅडम.'

दुसऱ्या दिवशी टेंपो आला, बाक घेऊन गेला. वाईट वाटलं हो. वीस वर्षं उभा होता बिचारा, आता त्याच्यावर लोक कॉफी पिणार. पण वापी टळली. टळली म्हणजे, दिवाळीपर्यंत टळली. एक बाक व्हायला वीस वर्षं लागली, पाच करायला वीस दिवस आहेत, आणि काम करायला बाक नाही म्हणून मी आता त्याच चकचकीत टेबलावर काम करतोय. म्हटलं, चला, निदान हे तरी जुनं होईल. ठिणगी पडते, सागाला डाग पडतो, मला जरा बरं वाटतं... की आई फडकं घेऊन हजर.

'आनंदा, डाग पडला की रं. थांब, पुसते.'

पुस, म्हटलं.