समजदार तुलाराम

लिलाधर : तिथं नका बसू मॅडम. तिथं तुलाराम बसून आहे.

मनाली : कुठे?

लिलाधर : हे काय, या खुर्चीवर. तुम्ही माया फिरत्या खुर्चीवर बसा, मी खाली सतरंजीवर बसतो. अध्यक्ष खाली बसला तं लहान होत नाही, असं तुम्हीच मागच्या खेपेस म्हंतलं होतं.

मनाली : लिलाधरजी, ती खुर्ची रिकामी आहे.

लिलाधर : हळू बोला जी. त्याले वाईट वाटते.

मनाली : थांबा. मागच्या वेळी कोचिंगला, भांडण मिटावं म्हणून, आपण एक सराव केला होता. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, ज्याच्याशी बिनसलंय तो माणूस तिथं बसलाय असं समजायचं आणि मनातलं बोलून टाकायचं. थोडा वेळ. तो सराव त्याच दिवशी संपला.

लिलाधर : तुमचा संपला. तुम्ही बसमध्ये बसल्या अन् भंडाऱ्याले गेल्या. आमचं भांडण तीन वर्साचं, ते एका बैठकीत कसं आटपन? म्या रोज चालू ठेवलं. संस्थेचं कुलूप उघडलं, अगरबत्ती लावली, का याच्यासमोर बसलो.

मनाली : रोज?

लिलाधर : रोज. पहिल्या दिवशी लय झाडलं त्याले. म्हंतलं, तुलाराम, मुद्दा असा आहे, का मी या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष अन् तू जाळ्याचा म्होरक्या. तू मायाशी बोलत नाहीस, म्हणून मोठं जाळं माळ्यावर पडून आहे अन् उंदरं कातरून राहिले. यंदा तलावाचं पाणी पार खाली गेलं. मासे वर येऊन तोंड उघडून राहिले. या आठवड्यात जाळं नाही ओढलं, तं सगळे मरतीन अन् वास पार करडी गावापर्यंत जाईन. लहान लहान जाळ्यायनं काय होते? हे सगळं सांगतलं, तं हा गप. मान खाली घालून ऐकून राहिला.

मनाली : खुर्ची आहे ती!

लिलाधर : म्हणूनच तं. खरा तुलाराम एवढा वेळ बसला असता का? अर्ध्यातून उठते तो, धोतर झटकत.

मनाली : बरं. आणि मी सांगितलं होतं तसं, त्याच्या जागी बसून बोलून पाहिलंत?

लिलाधर : पायलं न. तुलाराम होऊन बसलो. समोर पायतो तं मायी खुर्ची. गादीवाली, पाठीवर टॉवेल, अन् तिच्यावर अध्यक्ष लिलाधर. काय सांगू मॅडम, असा राग आला! केवढा तोरा त्या माणसाचा! चार शिव्या घातल्या त्याले. मंग पळत जाऊन माया जागी बसलो न उत्तर देल्लं. असं इकडून तिकडं करता करता घाम निघाला. शेजारचा भैय्यालाल खिडकीतून पाहून राहिला होता, तो गावभर सांगत सुटला का अध्यक्षाच्या अंगात आलं.

मनाली : बापरे.

लिलाधर : मंग हळूहळू निवळलं. म्या दोन कप चहा आणू लागलो. त्याचा कपबी मीच पेलो, पण त्याच्या खुर्चीवर बसून. बेइमानी नाही केली. अन् काल समझोता झाला.

मनाली : कुणाचा?

लिलाधर : माया न तुलारामचा. उद्या सकाळी मोठं जाळं. आज पहाटेच ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगतलं, तुमसरच्या व्यापाऱ्याले बर्फाची गाडी सांगतली. लोकायनं फटाके फोडले, मॅडम. तुमच्या नावाचाबी जयजयकार झाला.

मनाली : आणि खऱ्या तुलारामजींना कुणी विचारलं?

लिलाधर : त्याले कायले विचाराचं? तो तं नाहीच म्हणते.

मनाली : लिलाधरजी, कोचिंगची ही माझी पहिलीच संस्था आहे. मला वरिष्ठांना सांगावं लागेल, की अध्यक्षांनी रिकाम्या खुर्चीशी... दारात कोण आहे?

तुलाराम : कोचिंगवाल्या बाई तुम्हीच काय?

मनाली : हो. आपण?

तुलाराम : मी तुलाराम.

लिलाधर : घ्या. आला.

तुलाराम : त्याले सांगा बाई, मी त्याच्याशी बोलाले नाही आलो. तुमच्याशी बोलाले आलो.

लिलाधर : त्याले सांगा मॅडम, मायंबी काही बोलणं नाही. जे होतं ते काल झालं.

तुलाराम : काल मी तलावात, डोंग्यात होतो! आज सकाळी तोंड धुऊन राहिलो होतो, तं भोंग्यावर ऐकलं का मी राजी झालो. कडुलिंबाची काडी तोंडातच राहिली. लोकं येतात अन् हात मिळवतात. म्हणतात, शाबास तुलाराम, मोठं मन केलं. मन माया, अन् मलेच पत्ता नाही!

मनाली : तुमचा राग मला समजतोय. आधी बसा ना.

तुलाराम : बसतो.

लिलाधर : तिथं नाही! मॅडम, त्याले सांगा, ते जागा खाली नाही.

तुलाराम : कोण बसलं आहे?

लिलाधर : तुलाराम.

तुलाराम : मंग मी कोण आहो?

लिलाधर : तू भांडखोर. हा समजदार आहे.

तुलाराम : पाहा बाई! पाहा! घरीबी हेच सुरू आहे. चार दिवसाआधी बायाबाईनं, माया बायकोनं, अळूच्या वड्या केल्या. मले वाटलं मायासाठी. डब्बा भरते न म्हणते, हे संस्थेत पोचवा, खुर्चीसाठी आहे. अन् माया ताटात वरण-भात. म्हंतलं, काहून वो? तं म्हणते, तो तुलाराम ऐकून तं घेते. मधून उठून जात नाही.

लिलाधर : वड्या चांगल्या होत्या, म्हणा.

तुलाराम : मायी बायको, माया नाव, अन् वड्या हा खाऊन राहिला!

मनाली : दोघंही थांबा. थांबा जरा. मला विचार करू द्या. शिकवलं होतं त्यात हे नव्हतं. तुलारामजी, उद्याच्या जाळ्याला हो कुणी म्हटलं?

तुलाराम : या खुर्चीनं.

मनाली : मग आत्ताचं तुमचं भांडण कुणाशी आहे?

तुलाराम : तुम्ही काय मले खुर्चीशी भांडाले लावता?

मनाली : तिनं तुमच्या नावानं शब्द दिलाय. विचारा ना तिला.

तुलाराम : लोकं पागल म्हणतीन.

लिलाधर : काही नाही म्हणत. दोन दिवस म्हणतात, मंग चहा पाठवतात.

तुलाराम : काय रे ए तुलाराम! लाज नाही वाटली तुले? चहावर राजी झाला? वड्यायवर? त्या दिवशीचं विसरला तू? पोरपणापासून जाळ्याच्या या टोकाले तू अन् त्या टोकाले हा. तू होऽऽ करून हाक देत होता, हा तिकडून ओ देत होता. ओ आली का दोघं मिळून ओढाचं. धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, जाळं आवाजावर चालते. हे समजते का तुले, प्लास्टिकच्या?

मनाली : बोला. तुम्ही बोला.

तुलाराम : अन् हा अध्यक्ष झाला. पहिलंच मोठं जाळं. तू हाक देल्ली, ओ नाही. पुन्हा देल्ली, ओ नाही. मान वर करून पायलं, तं हा तलावाच्या पाळीवर, काठावर. पांढरा सदरा, गळ्यात हार, मच्छी खात्याच्या मोठ्या साहेबाच्या बाजूले. दोर देल्ला स्वतःच्या साळ्याच्या, बायकोच्या भावाच्या हातात. साळ्याले काय समजते? अन् यानं ऐकलं होतं! मान वळली होती याची, म्या पायली. तरी ओ नाही देल्ली. आपण एकट्यानं ओढलं, जाळं पलटलं, मासे गेले, आपण तोंडावर चिखलात. सारं गाव हासलं. त्यावर तू याचा चहा पेला? बोल न! आता काहून गप?

मनाली : काय म्हणते खुर्ची?

तुलाराम : ते काय म्हणन, बाई.

लिलाधर : मॅडम, त्याले सांगा का... नाही. राहू द्या. तुम्ही नका सांगू. तुलाराम.

तुलाराम : कोणाले म्हणून राहिला? मले का याले?

लिलाधर : तुले गा. ऐकू आली होती मले हाक. घशापर्यंत आली होती ओ. पण बाजूले साहेब उभा. म्हंतलं, हार घालून उभा असलेला अध्यक्ष असा बोंबलला तं कसा दिसन? लाज वाटली मले. अन् तू पडला, तं साहेब हासला. साहेब हासला म्हणून मीबी हासलो. माया सख्खा दोस्त चिखलात अन् मी हार सांभाळून हासून राहिलो.

तुलाराम : हे मले इतक्या दिवसात नाही सांगतलं.

लिलाधर : तू थांबत कुठं होता? याले सांगतलं.

तुलाराम : मंग? यानं काय म्हंतलं?

लिलाधर : तेच तं. बाकी सगळ्याले हो म्हंतलं यानं. जाळ्याले हो, दिवसाले हो, बर्फाच्या गाडीले हो. पण हे सांगतलं, न उत्तर द्याले त्याच्या जागी जाऊन बसलो, तं तोंडच नाही उघडलं. रोज बसलो. चहा थंडा झाला, पण तुया तोंडातलं तेवढं उत्तर मले देताच नाही आलं. समझोता खोटाच आहे, मॅडम. भोंग्यावर तेवढं नाही सांगतलं.

तुलाराम : बाई, तुम्ही काहून रडून राहिल्या?

मनाली : नाही, नाही. आम्ही रडायचं नसतं. तटस्थ राहायचं असतं... थांबा न जी दोन मिनिटं, बोलू नका मायाशी!

लिलाधर : मॅडम, तुम्ही आमच्यासारखं बोलल्या.

मनाली : मंग कसं बोलू? इथलीच, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरची आहो मी. बाबा फॅक्टरीत होते. ते अन् शेजारचे काका अशाच एका गोष्टीवरून बोलत नव्हते. रोज एकाच बसनं जात, एकाच बाकावर बसत, मध्ये दोघांचे डबे ठेवत. काका रिटायर होऊन गावाले गेले तरी नाही बोलले. जाऊ द्या. तुमचं चालू द्या.

तुलाराम : सरक गा, समजदार. मले बसू दे.

लिलाधर : बसला? खुर्चीवर?

तुलाराम : माया नावाची आहे न? आता विचार.

लिलाधर : काय?

तुलाराम : याले जे विचारलं होतं ते. मले विचार. अन् खालीच बैस, तिथंच, सतरंजीवर.

लिलाधर : तुलाराम, चुकलं मायं. माफ करशीन का?

तुलाराम : नाही.

लिलाधर : नाही?

तुलाराम : लगेच नाही. तू सांगाले तीन वर्सं लावले, मलेबी काही तं लागन. पण जाळं ओढू. आपल्या दोघायपाई मासे काहून मरावं?

मनाली : तुलारामजी, याला आम्ही म्हणतो...

तुलाराम : तुम्ही काहीबी म्हणा, बाई. लिल्या, उद्या दोर तुया हातात पायजे. साळ्याच्या नाही.

लिलाधर : मायाच.

तुलाराम : सदरा घरी ठेवाचा.

लिलाधर : ठेवतो. पण उद्या साहेब येणार आहे. समझोत्याचं ऐकून येऊन राहिला, फोटो काढाले. त्याच्यापाशी कोण उभं राहीन?

तुलाराम : त्याले इथं आणून बसव, या खुर्चीसमोर. चहा पाज. दोघं बोलत बसतीन.

लिलाधर : अन् वड्या?

तुलाराम : वड्या मी खाईन! घरी जाऊन पहिले तेच सांगतो बायाबाईले. पण आवाज निघते का तुया? भाषणं करून करून गळा नरम झाला असन.

लिलाधर : निघन न.

तुलाराम : निघन म्हणून चालत नाही. उद्या पाण्यात समजलं तं काय फायदा? मी त्या पाळीवर जातो. तिथून हाक देतो. तू इथूनच, दारातून ओ दे. मले ऐकू आली पायजे. नाही आली तं भोंग्यावर सांग का समझोता तुटला. जातो.

मनाली : गेले.

लिलाधर : मॅडम, नाही निघाली तं?

मनाली : नाही निघाली तर काय होईल, असं वाटतं तुम्हाला?

लिलाधर : तुम्ही लय प्रश्न विचारता जी. हा सदरा धरा. गळ्याशी आवळून राहिला. तिकडं पाहा, पिंपळापर्यंत गेला तो. अजून तसाच चालते, पाय फेकत. लोकंबी जमली पाळीवर. भैय्यालाल, अन् ते बायाबाई. हासतीन का हो?

मनाली : हसतीलही.

लिलाधर : हासू द्या.

(तलावापलीकडून लांब हाक : होऽऽऽ!)

मनाली : आली हाक! लिलाधरजी, या क्षणी तुमच्या मनात नेमकं काय...

लिलाधर : दारातून सरका, मॅडम. त्याले ओ देऊ द्या.