रोवन्याच्या दिवसांत सुई

माझं माहेर गोंडपिपरीकडचं, सासर इथी नागभीडच्या बाजूले, दोन्हीकडं धानच, म्हून मी भातावरच वाढली आन भातावरच म्हातारी झाली. शाळा चौथीपर्यंत झाली, मंग मायसंग रोवन्याले, धानाची लावनी कराले, जाऊ लागली ते आजपर्यंत जाऊनच राह्यली. काय सांगू बाई तुमाले, मले दुसरं काई येतच नाई. चिखलात वाकाचं, परे, म्हंजे धानाचे रोपं, लावाचे, मागं मागं सरकाचं. माझा मानूस गेला त्या वर्षी बी पुण्यानुमोदन आटपलं आन मी रोवन्यात गेली. घरी बसून काय केलं असतं.

शुगर निघाली त्याले बरेच वर्ष झाले. गोळ्या खाओ, कवा चुको बी. मंग मागच्या साली चिखलातल्या शिंपल्यानं पाय कापला, मले समजलंच नाई, सून सविता म्हने, आई, हे रक्त कोनाचं हाय जमिनीवर. दवाखान्यात गेलो तं डॉक्टर म्हने, आता गोळ्यानं भागत नाई, इन्सुलिन घ्या लागते. मी म्हनली, बरं. रडू नाई आलं, भेव बी नाई वाटलं. सविताच रडली.

तिथल्या सिस्टरनं सगळं समजावून सांगतलं. सकाळी सुई, मंग लगेच जेवन, संध्याकाळी बी तसंच. भात थोडा, वरन-भाजी जास्त, जेवन चुकवाचं नाई. मी मान हालवत राह्यली. मले बोलाची लाज वाटते, लहानपनापासूनच. रोवन्यात जेवन कवा होते हे तिले सांगाचं होतं, सांगतलंच नाई. घरी फ्रिज नाई, म्हून सवितानं मडक्यात ओली रेती टाकून त्यात डबीत शिशी ठेवली. सुई तेच टोचे. म्हने, आई, दोन घास खाऊन निघा. मी म्हनो, एवढ्या सकाळी कोनाच्या गळ्याखाली भात उतरते, तिथी सगळ्यासंग खाईन.

आता सगळ्यासंग म्हंजे कसं, तेबी सांगतो. आमची टोळी हुंड्यानं, म्हंजे ठोक्यानं, रोवना घेते, पूरी बांधी, म्हंजे बांधाच्या आतला वावराचा तुकडा, लावून देल्यावरच मजुरी. प्रत्येक बाईची एकेक पात, सगळ्या संगच मागं सरकतेत. एक जन उठली का तिची पात समोर तशीच राह्यते, बाजूचीले ओढा लागते. म्हून बांधी संपल्याबिगर कोनाची शिदोरी सुटत नाई. कोनी सांगतलेलं नाई, पन सुटत नाई. आन मले वाटे, गोळी जशी पोटात जाऊन बसते तशी सुई बी बसून जेवनाची वाट पाह्यत असन.

त्या दिवशी बांधी मोठी होती. घाम सुटला, हात कापाले लागले, परे वाकडे पडाले लागले. कमलबाई आमच्या टोळीची मुखिया, लय तोंडाळ, ते म्हने, काऊन वं, सकाळीच मोहाची टाकून आली का? सगळ्या हासल्या, मी बी हासली. मंग मी पान्यातच बसली. एकीनं चहासाठी आनलेला गूळ काढला तं दुसरी वरडली, नोको देऊ, शुगरवाली हाय, मरन ते! मी बी दात घट्ट आवळले. गोड बंद हाय मले, एवढंच डोक्यात होतं. सविता बी आमच्याच टोळीत, पार तिकडच्या पातीवर होती, तिथून चिखल तुडवत धावली, आई, दात उघडा म्हनतो ना, आन माझे गाल दाबून गूळ कोंबला तिनं. सिस्टरनं तिले सांगतलं होतं, सुईवाल्याले असं झालं का गोडच द्या लागते. मले बी सांगतलं असन. मी मान हालवली असन.

कमल म्हने, तू आता घरीच राह्य माय, तुले काई झालं तं मी कोनाले तोंड दाखवू. मी बरं म्हनली आन घरी राह्यली. दिवसभर गावात मानूस नाई, सगळे बांधीत. भांडे घासून होत, मंग मी भिताडाले टेकून बसो. दुःख झालं असं बी नाई, काईच झालं नाई. सविता म्हने, आई बोला ना काई. मंग तेच गेली कमलकडं, काय बोलली मालूम नाई. दुसऱ्या दिवशी कमल दारात उभी. म्हने, चाल. आमी कोनी थांबनार नाई, पन तुयं जेवन झाल्याबिगर बांधीत पाय ठेवाचा नाई, आन मंधात भूक लागो का नाई, उठून खाचं. तुयी पात मी ओढतो. मी म्हनली, बाया काय म्हनतीन? ते म्हने, म्हनू दे, त्यायच्या पाती मी ओढून राह्यली का?

तवापासून असं हाय. सकाळी सविता सुई टोचते आन घरात सगळ्याच्या अगोदर मी ताटावर बसतो. वाटीभर भात, त्यावर वरन, एखादी भाजी. संध्याकाळी बी तसंच, मंग सविता माझे तळवे उजेडात धरून पाह्यते. पायात रबरी बूट राह्यतेत, चिखलात फसतेत, पन घालतो. पदराच्या गाठीत गूळ. चव कशालेच लागत नाई बाई, तरी खातो.

मंधात मी धुऱ्यावर, बांधीच्या काठाले, जाऊन डबा उघडतो. त्या सगळ्या वाकलेल्या, मी एकटी खात बसलेली. पयले लाज वाटे, पाठ करून खाओ. आता नाई वाटत, काईच नाई वाटत. कमल दोन पाती लावते, खालीच पाहून वरडते, झालं का वं तुयं, का पंगत बसवली? मी डबा झाकतो, उतरतो. पात मागं सरकून गेली राह्यते, पन कमलच्या बाजूले मानूसभर जागा सुटलेली राह्यते, तिथी जाऊन वाकतो. चाललं हाय असं. तुमचं बरं होवो बाई, एवढं आयकून घेतलं माझं.