तिखट न खाणारा जावई

जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, गुरुजनांनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या माझ्या पोरापोरींनो,

आज बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. हेडमास्तर सर म्हणाले होते, "ताई, तुम्ही नुसतं बसा, बोलायला आम्ही आहोत." बसले. सगळ्यांचं ऐकलं. कुणी म्हणालं, काळानं घाला घातला. कुणी म्हणालं, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. मग राहवलं नाही, म्हणून उठले. आता मीपण बोलणार आहे.

काळाचा इथं काही संबंध नाही, बाबांनो. उगं देवाच्या नावावर बिल फाडू नका.

बायकोनं नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं असतं. आज सरळ घेते. गोविंद. गोविंद पेंटर. माझा नवरा. तोंडाच्या कॅन्सरनं गेला. फोटोखाली 'अल्पशा आजाराने' असं छापलंय. अल्पसा? मी त्यांना नळीतून पेज भरवत होते. अल्पसा काय असतो ते मला विचारा.

नायगावपासून बिलोलीपर्यंत दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. उरल्या शाळेच्या भिंती. माझ्या मागची ही भिंत बघा. 'तंबाखूमुक्त शाळा'. ही अक्षरं त्यांचीच. शिडीवर चढून रंगवत होते आणि मी खालून रंगाचा डबा देत होते. तेव्हा त्यांच्या गालात गुटख्याची पुडी होती. मी म्हणाले, "अहो, भिंतीवर काय लिहून राहिले आन् तोंडात काय धरून राहिले?" ते हसले, आणि ब्रशनं खाली दाखवलं. खाली काम बघायला आलेले मोठे लोक उभे होते. त्यांच्याही गालात तेच. काम पसंत पडलं म्हणून एकानं मान हलवली. बोलता येत नव्हतं ना, तोंड भरलेलं होतं.

हसू नका. नाहीतर हसा. मीही तेव्हा हसले होते.

आता तुम्हाला आमच्या लग्नाची गोष्ट सांगते. शोकसभेत लग्नाची गोष्ट सांगू नये म्हणतात. पण ही सांगितल्याशिवाय गोविंद कसे गेले ते तुम्हाला कळणार नाही.

माझं माहेर अहमदपूरचं. आमच्या घरात शेंगदाण्याच्या चटणीत शेंगदाणे कमी आणि मिरची जास्त. मला बघायला आले तेव्हा पोह्यांतली एक एक मिरची त्यांनी हलकेच बाजूला काढली. जेवायला बसले तर ठेच्याला बोट लावलं नाही. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. माझ्या वडिलांनी विचारलं, "पाव्हणं, तिखट न्हाई चालत?" ते मान खाली घालून हळूच म्हणाले, "न्हाई जमत." एवढंच. पुढं काय विचाराल त्याला हाव किंवा न्हाई.

पाहुणे गेल्यावर आमचे वडील खुशीत. म्हणाले, "पोरगं लई संस्कारी हाय. तिखट खात न्हाई म्हंजे डोकं थंड असतंय. तोंड वर करून बोलत न्हाई. असा जावई दिवा घेऊन हुडकला तरी मिळायचा न्हाई." माझी आत्या म्हणाली, "गाय हाय गाय." लग्नात सासूबाईसुद्धा सगळ्यांना कौतुकानं सांगत होत्या, "आमचा गोविंद आठवी-नववीपसून तिखटाला शिवत न्हाई. आपलाआपण सोडलं बघा!"

आपलाआपण सोडलं!

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. म्हणाल्या, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. एक बोट गेलं. दुसरं जाईना. बाईंनी विचारलं, "तिखट कधीपासून झोंबतं?" मी मध्येच म्हणाले, "त्यांना तिखट आवडतच नाही, लहानपणापासून." बाईंनी पेन खाली ठेवला. मग मला नीट समजावून सांगितलं. पुडीतल्या सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होते, पांढरी पडते. आधी तिखट झोंबतं. मग तोंड उघडेनासं होतं. घास छोटा होतो, बोलणं कमी होतं.

ऐकलंत? तिखट झोंबत होतं म्हणून ते दूधभाकरी खात होते. तोंड उघडत नव्हतं म्हणून हळू बोलत होते. आणि आम्ही दोन्ही घरचे शहाणे लोक त्या रोगाला संस्कार म्हणत होतो. त्या रोगाला आम्ही हळद लावली. त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. ढोल वाजवून वरात काढली!

हे आपल्याच भागात होऊ शकतं, बरं का. पोरगं बोलत नाही, चांगलं आहे. पोरगं विचारत नाही, चांगलं आहे. सांगितलेलं मुकाट ऐकतं, लईच चांगलं आहे.

ऑपरेशनच्या आधी, थोडं बोलता येत होतं तेव्हा, मी त्यांना विचारलं होतं, "लागली कुठून तुम्हाला ही?" मला वाटलं, वाईट संगत म्हणतील. ते म्हणाले, "कसली संगत? घरनंच." सहावीत असताना पारावरची मोठी माणसं त्यांना हाक मारायची. "गोविंदा, पळ, पुडी आण. सुट्टे राहिले तर तुला गोड सुपारी घे." हे पळत जायचे. टपरीवाला त्यांना नावानं ओळखायचा. आधी गोड सुपारी. मग पुडीतली चिमूट, गंमत म्हणून. सातवीत स्वतःची पुडी. त्यांना टपरीची वाट कुणी दाखवली? वाईट पोरांनी? नाही हो. चुलत्यांनी दाखवली. धोतरवाल्यांनी, टोपीवाल्यांनी दाखवली. ज्यांच्या पाया पडायचं, त्यांनी दाखवली.

आणि आता टपरीवर नुसती पुडी थोडीच मिळते? ही समोर बसलेली पोरं तुमच्यापेक्षा जास्त जाणून आहेत. गोळ्या मिळतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मिळतात, खोकला नसलेल्यांना. पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर घेऊन हुंगणारी पोरं मी माझ्या शिकवणीच्या मागच्या बोळात पाहिली आहेत. आठवीची पोरं. कुणी थेट तिथं जात नाही. आधी कुणासाठी तरी पुडी आणायला जातं.

आता जे सांगते, ते सांगायचं नाही असं घरच्यांनी बजावलंय. तरी सांगते.

राख सावडून आम्ही परत आलो. दारात पाणी घेतलं. बाया आत रडत होत्या, पुरुष बाहेर ओट्यावर बसले होते. माझी वेदिका सहावीत आहे. ती दाराशी उभी होती. आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला हाक मारली. "बाळे, जा गं, एक पुडी आण." तिनं विचारलं, "कंची, आज्या?" तिला नावं पाठ आहेत! आणि ती गेली. बाप ज्यानं मेला, ते आणायला पोरगी गेली. हो ला हो करून गेली. आणली, आणि वर दोन्ही हातांनी दिली, कारण मोठ्या माणसाला दोन्ही हातांनी द्यायचं असतं असं मीच तिला शिकवलंय.

मी एकटी बोलले. तर मला म्हणाले, "सुतकात आवाज चढवू नये."

त्यांचं नाव घेत नाही. ते समोर बसलेत. त्यांना राग आला असेल. येऊ द्या. माझा राग अजून संपलेला नाही.

पोरांनो, आता तुमच्याशी बोलते. वेदिका, तूसुद्धा ऐक. नशा वाईट असते हे तुम्हाला माहीत आहे. भिंतीवर लिहिलंय, तुम्ही रोज वाचता. वाचून काय होतं? लिहिणाराच गेला. मी तुम्हाला एकच काम सांगते, आणि ते लई अवघड आहे. उद्यापासून कुणीही, बाप असो, आजा असो, मामा असो, कुणीही म्हणालं, "जा, पुडी आण," तर म्हणायचं, "मी जात न्हाई." आवाज बारीक झाला तरी चालेल. पण म्हणायचं. उलट बोललास म्हणतील. संस्कार नाहीत म्हणतील. म्हणू द्या. त्या संस्कारांशी मी पंधरा वर्षं संसार केलाय. कुणी हात उगारला तर सरळ माझ्या घरी या. हिरव्या दाराचं घर, पेंटरचं घर, कुणीही दाखवेल. मी तुमच्यासोबत तुमच्या घरी येईन आणि तुमच्या बापाशी बोलेन. मला आता कुणाची भीती उरलेली नाही. भ्यायचं ते सगळं होऊन गेलं.

आणि एखाद्यानं चालू केली असेल, तिखट झोंबायला लागलं असेल, तर लाजू नका. आईला सांगा. आई नसेल तर मला सांगा. तोंड अजून उघडतंय तोवर सांगा.

झालं माझं. आता गोविंदसाठी आपण उभं राहून शांत राहायचं आहे. पण त्याआधी एक विनंती. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या गालात आत्तासुद्धा आहे. मला इथून दिसतंय. तसलं तोंड घेऊन माझ्या नवऱ्याच्या फोटोसमोर उभं राहू नका. फाटकाबाहेर जा, थुंकून या, चूळ भरून या. मी थांबते.

पोरांनो, तुम्ही उठू नका. बसूनच राहा. आणि कोण कोण उठून जातंय, ते नीट बघून घ्या.