साडेसहाशे किलोमीटर

…आणि पन्नास मिनिटं म्हणजे काय हो? पन्नास मिनिटांत ट्रकचं एक चाक बदलून होत नाही! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं ह्या रस्त्यावर ट्रक हाकला, आपल्या शहरातून निघायचं, सरहद्द ओलांडायची, शेजारच्या देशातलं ते शहर गाठायचं, साडेसहाशे किलोमीटर, फाटकावरची रांग धरून तिसऱ्या दिवशी पोचायचं, आणि घरी बायकोनं विचारलं, इतके दिवस कुठे होतात, की माझं उत्तर ठरलेलं, लांब आहे गं बाई... आता लेक तिथंच दिलेली, तिला मुलगी झाली, आणि जावयानं दोन तिकिटं पाठवली. विमानाची!

खिडकीपाशी मी, शेजारी बायको. वर गेलो आणि काय सांगू, खाली माझा रस्ता! अख्खा! एकतीस वर्षं तो मी तुकड्यातुकड्यानं पाहिलेला, समोरच्या दिव्यांत दिसेल तेवढाच, आणि इथं सगळा एकदम, फरशीवर पडलेल्या सुतळीसारखा. अंगावर काटा आला. बायकोला म्हणतोय, तो बघ घाट, तिथं माझे ब्रेक गेले होते, तर ती वाकून बघेपर्यंत घाट मागं! म्हटलं, सरहद्द तरी ठळक दिसेल, आयुष्याची दोन वर्षं त्या फाटकावर कागद दाखवण्यात गेली... डोळे फाडून बघितलं, काही म्हणजे काही नाही हो! नदीसुद्धा कुणाला न विचारता पलीकडं चाललेली. आणि ती विमानातली पोरगी गोड आवाजात, "काका, चहा संपवा, आपण उतरतोय." अगं, उतरतोय काय? माझी फुंकर मारून झाली नव्हती!

पन्नास मिनिटं... मी थक्क आणि बायको गप्प. तिचं गप्प बसणं म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको. लेक जन्मली तेव्हा मी फाटकावर, सासरे गेले तेव्हा फाटकावर. मनात म्हटलं, मेलो, आता ही विचारणार, एवढंसं अंतर आणि म्हणे लांब!

नातीला मांडीवर घेतल्यावर बोलली. अगदी हळू.

"विमान कशाला हवं होतं? एकदा ट्रकमध्ये शेजारी बसवून नेलं असतंत, तर तीन दिवस सलग तुमच्याशी बोलायला मिळालं असतं मला."

ती शेजारची सीट एकतीस वर्षं रिकामी होती, तिच्यावर मी जेवणाचा डबा ठेवायचो!

मग काय, परतीची विमानाची तिकिटं मीच रद्द केली. म्हटलं चल, रस्त्यानं जाऊ, काय बोलायचं ते बोल. म्हणून तर ही बस, ही रांग आणि तुम्ही मंडळी. आज दुसरा दिवस, फाटक सकाळपासून बंद, आत्ता तिचा जरा डोळा लागलाय म्हणून मला तोंड उघडायला मिळालं... आणि अजून ती आमच्या लग्नाच्या चौथ्या वर्षापर्यंतच पोचलीये.